सायकल ट्रकमध्ये चढण्याआधी: ठाण्याहून लांबच्या सफरीला सायकल पाठवताना विमा कसा घ्यावा

रेल्वेच्या पार्सलमध्ये किंमत जाहीर न करता सायकल टाकली आणि ती वाटेत गहाळ झाली, तर रेल्वे किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये देणं लागते. खोक्यासकट सायकल १८ किलो भरली तर ९०० रुपये. तिकिटावर लगेज म्हणून बुक केली असेल तर किलोमागे १००, म्हणजे १,८००. सायकल ऐंशी हजारांची होती की आठ हजारांची, याने काही फरक पडत नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १०३ आणि त्याखाली १९९० साली झालेले नियम तसं सांगतात. त्याच नियमांत हत्तीची कमाल भरपाई ६,००० रुपये आणि घोड्याची ३,००० रुपये लिहिली आहे. आकडे कोणत्या काळातले आहेत ते यावरून कळावं.

मी विमा कंपनीत मरीन क्लेम्सच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या विम्याच्या दाव्यांच्या, टेबलावर नोकरी केली. फुटलेले, भिजलेले, हरवलेले माल आणि त्यांचे कागद बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता वर्तकनगरला राहते आणि सकाळी उपवनवरून येऊरचा चढ चढते. मे महिना आला की येऊरच्या गेटपाशी चहाला थांबलेली मुलं मनाली-लेहचे बेत करायला लागतात. टायर कुठले, गिअर कुठले, उंचीचा त्रास कसा टाळायचा, यावर तास तास बोलणं होतं. सायकल चंडीगडपर्यंत कशी जाणार याचं उत्तर मात्र एका वाक्यात मिळतं.

‘मावशी, भिवंडीचा ट्रान्सपोर्टवाला ओळखीचा आहे, इन्शुरन्स त्याचाच असतो,’ असं त्यातल्या एकाने मला सांगितलं. त्याला मी बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली माल घेतल्याची पावती, दाखवायला सांगितली. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: माल मालकाच्या जोखमीवर. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने ती सायकल घेतली होती. हे सगळं लिहिते आहे ते त्याच्यासारख्यांसाठी.

वाहतूकदाराची जबाबदारी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. रस्त्याने माल जातो तेव्हा २००७चा रस्ता वाहतुकीचा कायदा आणि २०११चे त्याचे नियम लागू होतात. त्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. भाडं १,५०० रुपये दिलं असेल तर १५,००० रुपयांवर विषय संपला. यापेक्षा जास्त जबाबदारी त्याच्यावर टाकायची तर जादा जोखमीचा दर लेखी कबूल करून भरावा लागतो. कुरिअरवाले यालाच रिस्क चार्ज किंवा एफओव्ही म्हणतात. तो भरलात तरी वाहतूकदार तुमचा विमा कंपनीवाला होत नाही. त्याने काय कबूल केलं आहे ते पावतीच्या मागच्या बाजूला वाचा, आणि वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

विमानाने देशांतर्गत नेत असाल तर चेक-इन सामानासाठी प्रवाशामागे २०,००० रुपयांची मर्यादा आहे. परदेशी जाणाऱ्यांना माँट्रियल करार लागू होतो. त्यात सामानाची मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झाली, रुपयांत दीड लाखाच्या वर. शिवाय चेक-इनच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरायची सोय करारातच आहे. काउंटरवर एक गोष्ट नक्की सांभाळा. सायकलीच्या खोक्यावर ‘लिमिटेड रिलीज’चा, म्हणजे विमान कंपनीची जबाबदारी कमी करणारा, टॅग लावून सही मागतात. त्यावर ‘आधीच तुटलेलं’, ‘पॅकिंग अपुरं’ असे पर्याय असतात आणि घाईत भलत्याच चौकटीवर खूण होते. खोका धड असेल तर या दोन्ही चौकटी रिकाम्या राहतील हे बघूनच सही करा.

कोणती पॉलिसी मागायची

विमा कंपनीच्या शाखेत जाऊन ‘सायकलचा विमा’ म्हटलं तर समोरचा माणूस गोंधळतो. ‘मरीन विभागात सिंगल ट्रान्झिट पॉलिसी हवी आहे, रस्त्याने, ठाणे ते चंडीगड’ असं म्हणा. माल ट्रकने जाणार असला तरी काम मरीनच्याच टेबलावर होतं. पुढचा प्रश्न कलमाचा येतो, आणि सगळा खेळ तिथे आहे. इनलँड ट्रान्झिट क्लॉज ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन प्रकार असतात. ‘सी’मध्ये फक्त आग आणि वीज. ‘बी’मध्ये त्यात गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं, रुळावरून घसरणं यांची भर. यात चोरी नाही, पाऊस नाही, हमालाच्या हातून खोका पडणं नाही. सायकलीचं नुकसान होतं ते नेमकं याच तीन कारणांनी. म्हणून ‘ए’च घ्या, म्हणजे वगळलेल्या गोष्टी सोडून सगळे धोके. एजंट ‘बी’ स्वस्त पडते म्हणेल. एका सायकलीवर त्या दोन प्रीमियममधला फरक एवढा नसतो की चोरीचं संरक्षण सोडावं. संप-दंगलीचं कलम वेगळं जोडावं लागतं, तेही मागून घ्या.

एकट्या माणसाची एकच सायकल म्हटल्यावर काही शाखा नाक मुरडतात, कारण कंपनीचा किमान प्रीमियम असतो आणि कागदाचं काम तेवढंच पडतं. पाच-सहा जण एकत्र जात असाल तर सगळ्यांचा माल एकाच बुकिंगने पाठवा आणि एका पॉलिसीत यादी जोडा: प्रत्येक सायकल, तिचा फ्रेम नंबर, तिची किंमत, मालकाचं नाव. मालकाचं नाव वगळू नका. ज्याचं नुकसान झालं त्याचाच मालावर हक्क होता हे कागदावर दिसलं पाहिजे, नाहीतर दावा तिथेच अडतो. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या खाली, बॉटम ब्रॅकेटच्या पोटाशी कोरलेला असतो. सायकल उलटी करा, टॉर्च मारा, फोटो काढा.

घरात आधीच काही विमा असेल तर तो बाहेर काढून वाचा. हाउसहोल्डर पॉलिसीत सायकलीचा आणि प्रवासी सामानाचा असे स्वतंत्र भाग घेता येतात. पण सायकलीच्या भागात शर्यत वगळलेली असते, नुसते सुटे भाग चोरीला गेले तर मिळत नाही, आणि सामानाचा भाग तुमच्या सोबत असलेल्या सामानाचा असतो, ट्रकने एकट्या गेलेल्या खोक्याचा नव्हे. परदेश प्रवासाच्या विम्यात ‘चेक-इन सामान हरवणं’ असतं ते बहुधा पूर्ण हरवण्यापुरतं. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) वाकला, फ्रेमला चीर गेली, हे त्यात येत नाही. दर वस्तूमागे मर्यादा असते ती वेगळीच.

प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीमध्ये तसं स्पष्ट आहे. त्यामुळे ‘माल निघू दे, संध्याकाळी पैसे पाठवतो’ हे चालत नाही. पॉलिसीवरची तारीख बिल्टीच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवशीची हवी, आणि त्याच दिवशीची असेल तर माल चढण्याआधीची. प्रवास कुठून कुठे तेही नीट लिहून घ्या. मूळ कलमात संरक्षण गाडीत माल चढताना सुरू होतं. वर्तकनगर ते भिवंडीचं गोदाम हा टेम्पोतला टप्पा त्यात यावा असं वाटत असेल तर ‘घर ते अंतिम पत्ता’ असं शब्दांत मागा. दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे: माल मुक्कामी पोचल्यावर सात दिवस. तुम्ही दहा दिवसांनी चंडीगडला पोचणार असाल आणि खोका तोवर गोदामातच पडून राहणार असेल, तर शेवटचे दिवस उघडे पडतात. माल त्या हिशेबाने पाठवा.

किंमत किती लिहायची

कमी किंमत लिहून प्रीमियम वाचवायचा मोह होतो. त्याचं गणित असं आहे. सायकल ८०,००० रुपयांची, विमा घेतला ४०,०००चा. वाटेत मागचं चाक आणि डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तुटला, खर्च १०,०००. कंपनी म्हणेल, निम्म्या किमतीचा विमा, म्हणून निम्मी भरपाई. हातात ५,०००, आणि त्यातून पॉलिसीत एक्सेस, म्हणजे दर दाव्यात तुम्ही स्वतः सोसायचा भाग, असेल तर तोही वजा.

सायकल नवी असेल तर बिलाची रक्कम लिहा. जुनी असेल तर आजच्या घडीला तशी सायकल बाजारात ज्या किमतीला मिळेल ती. नंतर बदललेले भाग, म्हणजे चाकं, खोगीर, पॅनिअरचं (बाजूच्या पिशव्यांचं) रॅक, यांची बिलं जोडा. बिल हरवलं असेल तर जिथून घेतली त्या दुकानदाराकडून लेटरहेडवर मॉडेल, फ्रेम नंबर आणि अंदाजे किंमत लिहून घ्या. ठाण्यातले जुने दुकानदार हे आनंदाने करतात, तुम्ही नुसतं विचारायला हवं. मग कंपनीला ‘व्हॅल्यूड पॉलिसी’ द्यायला सांगा. त्यात किंमत दोघांच्या संमतीने आधीच ठरते आणि सायकल पूर्णच गेली तर घसाऱ्यावरून वाद होत नाही. वापरलेल्या मालासाठी कंपन्या ओरखडे, पोचे, रंग उडणं हे वगळतात. ते मान्य करावं लागतं, पण वाकणं आणि तुटणं वगळलेलं नाही ना, हे ओळीओळीने वाचा.

बिल्टीवरही तीच किंमत लिहा. विम्यात ऐंशी हजार आणि बिल्टीवर पाच हजार असं दिसलं की सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, पहिला प्रश्न तोच विचारतो. ‘पन्नास हजारांच्या वर लिहिलं तर ई-वे बिल लागेल’ असं बुकिंगवाला सांगेल. वापरातल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना जीएसटीच्या नियमांत ई-वे बिलातून सूट आहे. ‘माझी स्वतःची वापरातली सायकल, विक्रीसाठी नाही’ असं सही केलेलं पत्र, सोबत ओळखपत्राची प्रत, एवढं द्या आणि खरी किंमत लिहायचा आग्रह सोडू नका. रेल्वेने पाठवत असाल तरी तेच. पार्सल ऑफिसात किंमत जाहीर करून टक्केवारीचा आकार भरा, म्हणजे ते ९०० रुपयांचं बंधन सुटतं.

पॅकिंग, ज्यावर अर्धे दावे बुडतात

‘अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग’ हे प्रत्येक ट्रान्झिट पॉलिसीत वगळलेलं असतं, अगदी ‘ए’मध्येसुद्धा. म्हणून पॅकिंग करताना मनात सर्व्हेअर समोर बसवा.

सायकलच्या दुकानात नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात तसला खोका मागून आणा. आधी मोजा, कारण कुरिअरवाले वजनाऐवजी आकारमानावर पैसे लावतात. १४० बाय ८० बाय २२ सेंटिमीटरचा खोका, भागिले ५,०००, म्हणजे ४९ किलो. सायकल १८ किलोची असली तरी भाडं ४९चं.

आता सायकल सोडवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. पुढचं चाक काढलं की फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला, तो दुकानात सहज मिळतो. नसेल तर जुन्या हबचा तुकडा. स्पेसर नसलेला फोर्क वरून वजन पडलं की आत दबतो. मागचा डिरेलर हँगरवरून, म्हणजे तो ज्या पट्टीला अडकवलेला असतो तिच्यावरून, सोडा, फोममध्ये गुंडाळा आणि चेनसकट मागच्या त्रिकोणात झिप टायने बांधा. बाहेर राहिला तर पहिला धक्का तोच खातो. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असतील तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी सरकवून ठेवा, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात. हँडल वळवून वरच्या नळीला बांधा, मध्ये फोम. अॅक्सलची टोकं खोक्याला आतून भोक पाडतात, तिथे पुठ्ठ्याचे तीन-चार थर. सुटा भाग एकही मोकळा ठेवू नका.

जूनमध्ये पाठवत असाल तर ठाण्याचा पाऊस धरा. पुठ्ठा भिजला की खोका उभाच राहत नाही. आतून जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेरून स्ट्रेच फिल्म, आणि आडव्या-उभ्या पट्ट्या. हातात धरायला कडेला मजबूत भोकं पाडा, कारण जे नीट उचलता येत नाही ते ढकललं जातं. पत्ता दोन बाजूंना आणि एक चिठ्ठी आतही.

या सगळ्याचा व्हिडिओ काढा, मधे न थांबवता: फ्रेम नंबर, मग प्रत्येक भाग बांधताना, मग बंद खोका. शेवटी खोका वजनकाट्यावर ठेवून आकडा दाखवा, रद्दीवाल्याचा काटा चालेल. पोचल्यावर वजन कमी भरलं तर मधल्या चोरीचा तो सरळ पुरावा असतो. ई-सायकलची बॅटरी आणि चाकात हवा भरायच्या सीओटू नळकांड्या या खोक्यात टाकू नका. धोकादायक मालाचे नियम वेगळे आहेत, आणि न सांगता टाकल्या तर बाकी दावाही अडचणीत येतो.

पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

माझ्या टेबलावर आलेले सगळ्यात वाईट वाटणारे दावे चोरीचे नव्हते. खोका फाटलेला, आत फ्रेम वाकलेली, आणि पावतीवर मात्र ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही. माणूस प्रवासाने थकलेला असतो, समोरचा घाई करतो, आणि सही होऊन जाते. त्या एका सहीनंतर वाहतूकदार हात झटकतो आणि विमा कंपनीलाही त्याच्याकडून वसुली करता येत नाही.

म्हणून खोका आधी चारही बाजूंनी बघा, फोटो काढा. फाटका, भिजलेला, टेप बदललेली असं काहीही दिसलं तर पावतीवर हाताने लिहा: ‘खोका उजव्या बाजूला फाटलेला, आतील मालाची तपासणी बाकी.’ खाली क्लार्कची किंवा ड्रायव्हरची सही घ्या. तो देत नसेल तर तसंही लिहा. रेल्वेत असाल तर खुली डिलिव्हरी मागा. कलम ८१प्रमाणे खोका खराब स्थितीत आला असेल किंवा उघडल्याच्या खुणा असतील तर ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. रेल्वेचा माणूस समोर असताना खोका उघडतात आणि नुकसान नोंदवतात.

खोका बाहेरून धड दिसला तरी तिथेच उघडा. चाकं फिरवून बघा, फोर्कची टोकं बघा, कार्बनची फ्रेम असेल तर जोडांवरून नख फिरवा आणि उजेडात चीर शोधा. नुकसान दिसलं तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरला विचारल्याशिवाय दुरुस्ती करू नका. सफर सुरू करायची घाई असतेच, म्हणून फोनवर व्हिडिओ सर्व्हे मागा आणि दुरुस्तीची परवानगी ईमेलवर घ्या. तुटलेला भाग फेकू नका, तो सर्व्हेअर मागतो.

वाहतूकदाराला वेगळं पत्र द्यावंच लागतं, विमा असला तरी. रकमेचा आकडा घालून, पोच मिळेल अशा पद्धतीने. मुदती लक्षात ठेवा: रेल्वेला माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत, रस्त्याच्या वाहतूकदाराला बुकिंगपासून १८० दिवसांत, विमान कंपनीला सामान हातात आल्यापासून सात दिवसांत. विमा कंपनीच्या फाइलमध्ये या पत्राची प्रत, मूळ बिल्टी, पॉलिसी, बिलं, पॅकिंगचा व्हिडिओ, शेरा असलेली पावती आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक जातं. पैसे देताना कंपनी सब्रोगेशनच्या पत्रावर सही घेते. म्हणजे वाहतूकदाराकडून वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दावा चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं तर कंपनीच्या तक्रार विभागाला आधी लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं, वर्षाच्या आत. आपल्याला त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. ठाण्यातच लोकपालांचं कार्यालय आहे आणि नवी मुंबई, रायगड, पालघर त्याच्याच कक्षेत येतं. फी नाही, वकील लागत नाही.

परतीचं राहिलं. सिंगल ट्रान्झिट म्हणजे एकच फेरी, लेहहून ठाण्याला येणाऱ्या सायकलीला ती पॉलिसी लागू नाही. दुसरी पॉलिसी निघण्याआधी इथूनच बोलून ठेवा आणि माल सोडायच्या दिवशी फोनवरून पैसे भरून ती सुरू करा. चंडीगडला खोका फेकू नका, हॉटेलवाल्याकडे ठेवून पुढे कुठे पाठवायचा ते ठरवा, आणि सायकलीसोबत झिप टाय, फोमचे तुकडे आणि फोर्कचा स्पेसर घेऊन चला. लेहमध्ये हे शोधत फिरायला लागलं तर पॅकिंग कच्चं होतं, आणि परतीच्या पॉलिसीतही पॅकिंगचं कलम तेच असतं.